गाडीचा अलार्म आणि सुनेची तारीख

३ तारीख, सोमवार
अलार्मवाला फोनवर म्हणाला, काकू, गाडीचा अलार्म कधी कधी वाजतो ते वहीत लिहून ठेवा, मग दोष सापडेल. म्हणून ही वही. त्याला दाखवणार नाही. आमच्या घरातलं त्याला कशाला.
गाडी जुनी घेतलेली, अलार्म मी नवा बसवून घेतला. हे नको म्हणाले होते.
सुनेला डॉक्टरांनी बाळंतपणाची वीस तारीख दिलीय. मुलगा बाहेरगावी नोकरीला. तिला दवाखान्यात मीच नेणार, माझ्या गाडीने. सगळ्या नात्यागोत्यात सांगून झालंय. लायसन्स आहे. तिसऱ्या खेपेला मिळालं, कारण आधीच्या दोन्ही साहेबांना बाजूला नीट बसता येत नव्हतं.

४, मंगळवार
आज पाच वेळा वाजला. मांजराचं काम असणार. मांजर उचलून बॉनेटवर ठेवलं. वाजला नाही. परत ठेवलं. तिसऱ्यांदा मांजराने ओरबाडलं. मांजर निर्दोष. हाताला मलम.

६, गुरुवार
तीस वर्षं शिवणाची मशीन चालवतेय. मशीन कुठलीही असो, कुरकुरली की तेल मागते. अलार्मच्या भोंग्यात तीन थेंब सोडले. एकदम गप्प. सुनेला सांगितलं. ती म्हणाली, आई, बरा झाला की गेला? नववा महिना आहे म्हणून काही बोलले नाही.
संध्याकाळी परत वाजला. आता घसा बसल्यासारखा वाजतो. म्हणजे तेल लागू पडतंय.

९, रविवार
अलार्मवाला येऊन गेला. म्हणे बॉनेटखालचं बटण सैल झालंय. गाडी हलली की अलार्मला वाटतं कुणीतरी बॉनेट उघडलं, मग तो बोंबलतो आणि इंजिनही बंद करतो. नवं बटण अठराला मिळेल, तोवर अलार्म काढून ठेवतो म्हणाला. मी म्हटलं, आणि तेवढ्यात गाडी चोरीला गेली तर सुनेला तुझ्या स्कूटरवर नेऊ? तो म्हणाला, काकू, ही गाडी बघूनच चोर पुढे जाईल. असल्या माणसाला मी चहा दिला.
अलार्म काढू दिला नाही.

११, मंगळवार
भोंग्याला गोधडीचं जाड कव्हर शिवलं. दुहेरी टाका, वर नाडी. गिऱ्हाइकालासुद्धा इतकं नीट शिवून देत नाही. आता उशीखाली कोंबडा आरवावा तसा आवाज येतो.
वरच्या मजल्यावरचे मास्तर तरी खाली आलेच. म्हणाले, वहिनी, वेळ आली की सूनबाईंना माझ्या गाडीने नेऊ, तुम्ही मागे निवांत बसा. मी म्हटलं, आमच्या दारात गाडी आहे. ते म्हणाले, ते माहीत आहे, दिवसभर ऐकू येतं. या माणसाला टोमणा मारल्याशिवाय जिना चढता येत नाही.

१४, शुक्रवार
दवाखान्यापर्यंत रंगीत तालीम. यांना सुनेच्या जागी मागे बसवलं, पोटावर उशी. म्हटलं, अधूनमधून कण्हा. कण्हेनात. चौकात अलार्म वाजला, इंजिन बंद. ट्रॅफिक पोलिसाने आत वाकून यांना विचारलं, बाबा, कुठे दुखतंय? हे उशी काखेत मारून उतरले आणि धक्का द्यायला लागले. तेव्हा कण्हले.
दवाखाना अकरा मिनिटांवर. चौकातला पाऊण तास धरला नाही, तो काय रोज होणार आहे?

१६, रविवार
निर्णय घेतला. अठराची वाट कोण बघतंय. कात्री आणली, अलार्मची लाल वायर कापली. जन्मभर कापतच आलेय. अलार्म कायमचा गप्प. तो वीतभर अलार्मवाला पंधरा दिवसांत जे करू शकला नाही ते मी एका कात्रीत केलं.
गाडी सुरू होत नाही. तो वेगळा विषय.
हे म्हणाले, मास्तरांना सांगून ठेवू का? म्हटलं, खबरदार. अजून चार दिवस आहेत.

१७, सोमवार, संध्याकाळी
सकाळी नऊला सुनेला कळा सुरू झाल्या. किल्ली फिरवली. काही नाही. सुनेला म्हटलं, दोन मिनिटं. ती दारात भिंतीला धरून उभी. परत फिरवली. परत. ती म्हणाली, आई, ती किल्ली सोडा आणि माझा हात धरा.
जिना चढून मास्तरांचं दार मीच वाजवलं. काय बोलले आठवत नाही. ते बनियनवरच खाली आले, टोमणा न मारता.
मुलगी झाली. दोघी ठीक.
चौकात मास्तर उजवीकडे वळत होते, मी डावीकडे म्हटलं. म्हणजे रस्ता माझाच. सगळ्यांना फोन केले, सुनेला मीच नेलं म्हणून. कशाने, ते कुणी विचारलं नाही.
सुनेने विचारलं. म्हणाली, आई, गुरुवारी घरी कशाने जायचं?
म्हटलं, मास्तर दहाला येतायत. मी विचारून ठेवलंय.