ब्रूनोच्या गॅरेजातला वास

मनुरेवा, ऑक्टोबर १९९६

प्रिय वसू,

तुम्ही दोघं हॅमिल्टनला परतल्यापासून एक ओळ लिहिली नाही, रागावू नकोस. सकाळी तुला फोन करायला रिसीव्हर उचलला होता, पण बोलायला तोंड नव्हतं.

आमचा शेजारी ब्रूनो, तो बडबड्या इटालियन म्हातारा, तुला आठवत असेल. दर हिवाळ्यात तो गॅरेजात सलामी करतो. डुकराचं मांस, मीठ, मिरी, लसूण आतड्यात ठासून भरायचं आणि वरून पांढरी बुरशी धरून वाळेपर्यंत टांगून ठेवायचं. पहिल्या वर्षी कुंपणावरून वास आला तेव्हा मी खिडक्या लावून घेतल्या. मग त्याने एक सलामी बशीत घालून हातात ठेवली. आम्ही शाकाहारी आहोत हे सांगायचं सोडून मी हसत घेतली, आणि बशी रिकामी कशी परत करायची म्हणून करंज्या घालून पाठवली. त्याला वाटलं, सलामी फारच आवडली. तेव्हापासून दर वर्षी सगळ्यात मोठी आमची. आमच्या बिनमध्ये टाकली तर त्याला दिसेल, म्हणून मी ती कामावर, फार्मसीत नेऊन तिथल्या कचऱ्यात टाकायचे. तुझा मेहुणा सुधाकर म्हणायचा, सरळ सांगून टाक की. भीड भिकेची बहीण, असं आई आपल्याला किती ऐकवायची, पण माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही.

त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे मला तो वास आवडायला लागला. मिरी, वाइन आणि मुरलेल्या लोणच्याची बरणी उघडल्यावर येतो तसला आंबूस दरवळ. कामावरून आले की गाडी लावून मी कुंपणापाशी उगाच रेंगाळायचे.

ब्रूनो आता हॉस्पिटलात आहे, पोटाचा कॅन्सर. मुलाने घर विकायला काढलंय, गॅरेज धुऊनपुसून रिकामं केलंय. काल भेटायला गेले तर माझा हात धरून म्हणाला, नीला, तुझ्याकडची थोडी घेऊन ये, खाता येत नाही, नुसता वास घ्यायचाय. मी ती पुरवून पुरवून खात असणार, अशी त्याची खात्री आहे. मी हो म्हणून आले. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

यंदाची तेवढी कचऱ्यात गेली नाही. शिरीषरावांना चालतं म्हणून निघताना मीच तुमच्या पिशवीत कोंबली होती. एखादा तुकडा उरला असेल तर लगेच पाठव. संपली असेल तर ज्या फडक्यात गुंडाळली होती ते तरी पाठव, आणि वसू, ते धुऊ नकोस.

तुझीच,
नीलांबरी