तांब्याचं लाल

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, आई माझ्यावर कुरकुरते. दोघांचंही बरोबरच आहे. तुझी नोकरी कशी चालली आहे?

काल भट्टी उघडली. अगं, लाल आलं! जुने चिनी कुंभार तांब्यापासून काढायचे ते लाल, ज्याच्यामागे आपण दोघी वर्षानुवर्षं हात धुऊन लागलो होतो. लावताना शेवाळी दिसणारी ती झिलई, आणि आगीतून ही अशी बाहेर आली! वाटीच्या काठाशी पांढरी, खाली उतरताना डाळिंबाच्या दाण्यासारखी गडद. हे मी केलं, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

कसं झालं ते सांगायचं टाळतेय, म्हणून तर गुडघ्यापासून सुरुवात केली.

आग गुदमरली, हवा कमी पडली, की तांबं लाल होतं. या वेळी धुराड्याची झडप मी अर्धी उघडी ठेवली होती. नंतर पाहते तर जवळजवळ पूर्ण आत ढकललेली, म्हणजे बंदच! भट्टीवरचे काका त्या दिवशी सुट्टीवर, कारखान्यात मी एकटी. आणि माझ्या डाव्या तळहातावर झडपेच्या दांड्याचा काळा पट्टा. भट्टीच्या भोकातून आग बघायला वाकले की गुडघा सांभाळत मी त्या दांड्यावर भार देते. दर वेळी देते. हा गुडघा काही आजचा नाही.

तीन वर्षांपूर्वी प्रदर्शनाची साठ भांडी काजळून निघाली, तेव्हाही झडप अशीच आत होती. सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "लक्ष कुठे असतं तुझं? पुन्हा मातीला हात लावू नकोस." तू सांगत होतीस, "ताई, मी उघडीच ठेवली होती गं." मी ऐकून घेतलं नाही. आणि तू खरंच पुन्हा मातीला हात लावला नाहीस.

चूक माझी होती. तुझी नव्हती. मला फार लाज वाटते.

चारचौघांत बोलले होते, म्हणून इथवरचं पत्र आज सकाळी त्याच चारचौघांत वाचून दाखवलं. काका म्हणाले, "पोस्टात नको टाकूस. स्वतः घेऊन जा."

म्हणून हे तुझ्या दाराखालून सरकवतेय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी थांबते.

तुझी,
दाराबाहेर उभी असलेली ताई