पेटीवाल्या चाचांचा फोटो

९ डिसेंबर १९९५

कसबा पेठेत आज धुकं! दुकानांच्या पाट्याच तेवढ्या हवेत तरंगत होत्या, खाली दुकानं नाहीतच. खडकीहून सकाळच्या लोकलने निघाले, शिवाजीनगरला उतरून चालत. पोचेपर्यंत बोटं गारठली.

भिंतींवर लाल खुणा केल्यात. रस्ता रुंद होणार, खुणेच्या अलीकडचं सगळं जाणार. सरांनी आमच्या फोटोग्राफीच्या वर्गाला ‘बदलतं शहर’ हा विषय दिलाय, मी ही गल्ली धरली. आता झोपेतही गल्लीच दिसते, आणि तीही निगेटिव्हसारखी — आकाश काळं, सावल्या पांढऱ्या. त्यात मी चालत असते आणि माझाच आवाज येत नाही.

मैनुद्दीन चाचांचं दुकान नेमकं खुणेच्या अलीकडे. हार्मोनियम दुरुस्त करतात, गल्ली त्यांना पेटीवालेच म्हणते. लांबून आधी एकच सूर ऐकू येतो, तोच तोच, किंचित वर, किंचित खाली. मग दुकान दिसतं. मी कॅमेरा वर केला की चाचा पेटीमागे वाकतात. म्हणतात, दुकान काढ, माझ्यात काय बघायचंय?

१४ डिसेंबर

सरांनी प्रिंट्स पाहिल्या. “भिंती उत्तम आल्यात. या गल्लीत माणसं राहत नाहीत वाटतं?” वर्ग हसला. मीही हसले आणि डार्करूममध्ये जाऊन रडले. लाल दिव्यात रडलेलं कोणाला कळत नाही, एवढी एक सोय.

१८ डिसेंबर

चाचांचा मुलगा अमीन भेटला. बँकेत आहे. वडिलांसाठी त्याने बिबवेवाडीला गाळा घेतलाय, पण ते बघायलाही जायला तयार नाहीत. म्हणे तो पत्र्याचा डबा, तिथं उजेड कसला नि सूर कसला. हत्यारं देऊन टाकीन आणि घरी बसेन.

नसीमबानू चाची चहा देताना हळूच म्हणाल्या, “यांचे हात रिकामे राहिले ना, तर हा माणूस अंथरूण धरेल बघ.” 

अमीनने विचारलं, गाळ्याचे फोटो काढशील का? अब्बांनी निदान फोटोत पाहिला तर कदाचित ऐकतील. काढते म्हटलं.

२१ डिसेंबर

बिबवेवाडी. मला वाटलं होतं, रिकाम्या गाळ्यात काय असणार! पण शटर अर्धं वर, मागच्या भिंतीत उंच एक झरोका, आणि त्यातून उन्हाची तिरकी पट्टी फरशीवर उतरलेली. बाकी सगळा मऊ अंधार. ओल्या सिमेंटचा वास. त्या पट्टीत धूळ इतक्या सावकाश फिरत होती की तिथे वेळच नाही असं वाटलं. ट्रायपॉड लावून अख्खा रोल संपवला. निघावंसं वाटेना. रोल गुंडाळत होते तेवढ्यात अमीन चहा घेऊन आला, म्हणून तो तसाच पिशवीत टाकला.

३० डिसेंबर

घरी फरशी पुसताना आईने विचारलं, कुठे तंद्री लागलीय? मी उन्हाच्या पट्टीत हात धरून बसले होते. गाळ्याचा रोल अजून धुवायचाय. परीक्षेच्या गडबडीत डार्करूमची पाळीच मिळाली नाही.

२ जानेवारी १९९६

उद्या पाडणार. आज चाचा आपणहून म्हणाले, “ये. एकदाच बसतो.”

चाचींनी काळा कोट इस्त्री करून आणला होता. चाचांनी घातला, आरशात पाहिलं आणि काढून खुंटीला लावला. कोट घालून मी कधी काम केलंय का, म्हणाले. बाह्या सरसावल्या, पेटी पुढ्यात ओढली, डावा हात भात्यावर. मी नवा रोल भरला.

मग तो सूर. मान कलती, डोळे मिटलेले. बाहेर सामान उचलणाऱ्यांचा आरडाओरडा, आणि आत आम्ही सगळे जणू पाण्याखाली. मी कधी बटण दाबत होते तेही मला कळत नव्हतं. रोल संपला तरी चाचा वाजवत होते. शेवटी त्यांनी भाता मिटला.

“झालं. आता दुकान तुझ्याकडे.”

किती आनंद झाला! आणि रडूही आलं.

३ जानेवारी

पाडलं. कॅमेरा नेला होता. उचलवला नाही.

६ जानेवारी

मूर्ख! मूर्ख आणि बेफिकीर!

आम्ही सगळे विद्यार्थी रोल गुंडाळताना फिल्मचं पुढचं टोक, तिची जीभ, डबीच्या बाहेर ठेवतो, म्हणजे डार्करूममध्ये डबी फोडावी लागत नाही. फक्त वापरलेल्या रोलची जीभ दुमडायची, नाहीतर तो कोऱ्यासारखाच दिसतो. गाळ्याच्या रोलची मी दुमडली नव्हती. आणि चाचांच्या दुकानात ‘नवा’ म्हणून भरला तो तोच. गाळ्यावर दुकान, दुकानावर गाळा. चाचांच्या कपाळातून शटर गेलंय. सगळ्या फ्रेम्स राखाडी चिखल.

एकच जरा दिसण्याजोगी आहे. जिथे गाळ्यात अंधार होता तिथे चाचा उमटलेत. बसलेत — पण फरशीवर, त्या रिकाम्या गाळ्यात. झरोक्याचं ऊन बरोबर त्यांच्या हातांवर पडलंय.

त्यांनी एकदाच बसतो म्हटलं होतं. मी त्यांचं दुकान घालवलं.

११ जानेवारी

शेजारच्या फोनवर अमीन. अब्बा विचारतायत, फोटो झाला का? दिवसभर नुसते पडून असतात, म्हणाला. जेवतानाही पाठ वळवतात. मी म्हटलं, होतोय. खोटारडी मी.

१६ जानेवारी

तिळगुळाचं निमित्त केलं आणि गेले. चाचा खरंच अंथरुणावर. दाढी वाढलेली. हातात काहीच नाही, हे पाहवेना. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं आणि प्रिंट पुढे केली.

बराच वेळ पाहत राहिले. चाचींनी चष्मा दिला, मग पुन्हा पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“हे ऊन कुठलं? माझ्या दुकानात असं ऊन कधी आलं नाही.”

“गाळ्यातलं. मागे झरोका आहे.”

फोटोतल्या आपल्या हातांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “बिघडलाय फोटो.”

परत मात्र दिला नाही.

१९ जानेवारी

अमीनचा फोन. चाचा सकाळी दाढी करून, चाचींकडून गाळ्याची किल्ली मागून, एकटेच बसने बिबवेवाडीला गेले. अमीन घाबरून मागोमाग पोचला, तर शटर अर्धं वर आणि चाचा गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूने चौकोन आखतायत. हातात माझा फोटो. मान वर न करता अमीनला विचारलं, “इथंच बसलोय ना मी?”