बल्ली अद्देचं गवत

३ जानेवारी २०१९, बुराओ

चौथा पाठ संपला. गुबनचा किनारा झाला, ओगोचे डोंगर झाले. हिबाक मोठ्यानं वाचते – "हा गुबन आहे. इथे समुद्र आहे. इथे उन्हानं पाय भाजतात." 'भाजतात' तिला फारच आवडलं. दिवसभर सगळ्याला तेच. चहा भाजतो. खुर्ची भाजते. अंबारो म्हणाली, "अहो मास्तर, तुमची नात माझं डोकं भाजतेय."

बायको म्हणून तिला बोलायचा हक्कच आहे. पण खरं तर पोरगी आल्यापासून अंबारोचीच कळी खुलली आहे. माझ्या थोरल्या भावाची, रोब्लेची ही नात. वीस वर्षांची. कॅनडात जन्मली, एडमंटनला वाढली, आणि आता आपली सोमाली भाषा शिकायला तीन महिन्यांसाठी इथे आली आहे. तिच्यासारखे आणखी चौघे आहेत वर्गात. परदेशात वाढलेली मुलं. घरात भाषा कानावर पडते, तोंडात येत नाही. त्यांच्यासाठी हे पाठ लिहितो आहे. आपला मुलूख, सोप्या वाक्यांत. महिनाअखेरीला छापखान्यात द्यायचे.

५ जानेवारी

आज हिबाक म्हणाली, "धाकटे आजोबा, हाउदच्या पाठात बल्ली अद्दे घाला ना. माझ्या आत्याला तिथे पुरलंय. आजोबा नेहमी सांगतात."

हो म्हणालो. काय म्हणणार होतो?

जेवण गेलं नाही. अंबारोला सांगितलं, पोट बिघडलंय.

६ जानेवारी

इथे तरी लिहितो. ही वही कोण वाचतंय.

१९७५. लांबलेल्या दुष्काळाचं वर्ष. मी सतरा वर्षांचा. आमचा तळ हाउदच्या माळावर, आणि हाउदात विहीर नाही. पावसाचं तळं साचलं तर जगायचं, नाही तर चालायचं. त्याच्या आधी काही महिने सरकारनं शहरातली शाळेची मुलं माळावर पाठवली होती, आम्हा उंटवाल्यांना अक्षरं शिकवायला. आमच्याकडे आलेल्या मुलानं फळा उंटाच्या पाठीवर बांधून आणला होता. मी दोन महिन्यांत वाचायला लागलो. तो म्हणाला, "आमचा ट्रक परत जाईल तेव्हा चल. बुराओच्या शाळेत घालतो तुला." रोब्लेनं ऐकलं आणि तिथल्या तिथे हो म्हणाला. आईवडील नव्हतेच, तोच बापाच्या जागी. "एक तरी शहाणा होऊ दे घरात," म्हणाला.

पण आधी एक काम होतं. कुणीतरी खबर आणली, बल्ली अद्देच्या तळ्याकडे ढग दिसले. चार दिवसांची वाट. आमच्याकडे तळ हलवण्याआधी माणूस पाठवतात, पावसाचा माग काढायला. सहान. त्यानं स्वतः तिथे जायचं, पाणी बघायचं, गवत उपटून आणायचं आणि घरधन्याच्या हातात ठेवायचं. त्याच्या शब्दावर बायकापोरं निघतात. आई म्हणायची, चोर एक घर बुडवतो, खोटा सहान सगळा तळ बुडवतो.

मला पाठवलं. जायला चार, यायला चार. आणि ट्रक सहाव्या दिवशी निघणार होता.

दोन दिवस चाललो. वाटेत एका तांबड्या सखल जागेवर चुकार ढग बरसून गेला होता. चार खाटांएवढी जागा. तिथे दरेमो गवत उगवलं होतं, कोवळं, टाचेएवढं. मी तिथे बसलो. पुढे बघितलं तर क्षितिजाला ढग होतेच. होतेच, हे खरं आहे! मी मनाशी म्हटलं, इथे पडला तर तिथे पडलाच असणार. मूठभर गवत उपटलं, फडक्यात बांधलं आणि मागे फिरलो.

पाचव्या दिवशी तळावर. रोब्ले म्हणाला, "लवकर आलास."

"पळत आलो."

"पाणी?"

"माणसाच्या छातीएवढं."

हे छातीएवढं मी कुठून काढलं, मला आजही माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. फडक्यातून हिरवा शेंडा दिसला तेवढ्यावर रोब्लेनं ते कमरेला खोचलं. उघडून पाहिलंही नाही. खांद्यावरची चादर काढून मला दिली, शहरात थंडी असते म्हणून. दुसऱ्या दिवशी मी ट्रकमध्ये होतो. तेही त्याच दिवशी निघाले, उलट्या दिशेला.

बल्ली अद्देला थेंब नव्हता.

७ जानेवारी

काल हात दुखला म्हणून थांबलो, असं नाही. पुढचं लिहवेना.

मेंढ्या सगळ्या गेल्या. ओझ्याचे उंट दोन राहिले. शमीस गेली. रोब्लेची मुलगी, दोन वर्षांची. मला 'दिदी' म्हणायची. माझं नाव दिरिये, ते म्हणता यायचं नाही तिला. वहिनीनं म्हणे शेवटपर्यंत तिच्या ओठांना ओलं फडकं लावलं. फडकंही वाळलं.

ही बातमी मला शाळेत कळली, एका उंटवाल्याकडून. तोच म्हणाला, जमातीतल्या मोठ्या माणसांनी झाडाखाली बसवून रोब्लेला विचारलं, सहान कोण होता? रोब्ले म्हणाला, "पाठवलाच नव्हता. माझा अंदाज चुकला."

बिनसहानाचा घर घेऊन निघाला! आमच्यात याहून मोठी मूर्खपणाची गोष्ट नाही. लोकांनी त्याला सोडलं नाही. रोब्ले या नावाचा अर्थच पाऊस घेऊन आलेला. मग काय, "नावात पाऊस, दारात धूळ." पोरंसोरं म्हणायची. मग मदत-छावणी. मग सरकारनं विमानात घालून दक्षिणेला नेलं, जुब्बा नदीच्या काठी, उंटवाल्याच्या हातात फावडं. मग लढाई. मग एडमंटनचा बर्फ.

मी काय समजत आलो? त्याला वाटलं असणार, पाऊस पडला होता पण तळं आटलं. धाकट्याचा दोष नाही, उगाच त्याच्या नावाला बट्टा नको. म्हणून अंगावर घेतलं. खोट्या सहानाला कोण मुलगी देतो, कोण शेजारी बसू देतो. त्यानं मला वाचवलं, कारण मी खरं बोललो असं त्याला वाटलं. हे जास्त लागतं.

आणि मी झालो भूगोलाचा मास्तर. हसा.

१० जानेवारी

सातवा पाठ लिहिला. हाउद. बारा वाक्यं. "हे बल्ली अद्दे आहे. हे पावसाचं तळं आहे. पाऊस पडला की इथे दरेमो उगवतं. उंटांना दरेमो आवडतं."

दुसरं कुठलं गवत लिहू? त्या जागेबद्दल जन्मात एकच गोष्ट सांगितली आहे मी. तिथे कधी गेलो नाही. नंतरही नाही. दोनदा गाडी त्या बाजूला जात होती, दोन्ही वेळा ताप आला म्हणून सांगितलं. अद्दे म्हणजे पांढरं, पण त्याला 'पांढरं' का म्हणतात तेही ठाऊक नाही. पाण्यावरून असेल.

मुलांना काय कळतंय.

११ जानेवारी

"मुलांना काय कळतंय" – हे मीच लिहिलं काल. सतरा वर्षांचा होतो तेव्हाही असंच काहीतरी म्हटलं असणार मनात. माणूस सुधारत नाही.

१५ जानेवारी

हिबाकला नदीचा पाठ सगळ्यात आवडला. तो मी रोब्लेच्या तोंडून ऐकलेल्यावर लिहिला आहे. मगर, केळी, नदीवरून येणारा डासांचा आवाज. ती म्हणते, "यात आजोबांचा आवाज येतो. हाउदच्या पाठात का नाही येत? तुम्ही तर हाउदचेच ना?"

हुशार आहे कार्टी. आजीवर गेली आहे.

१६ जानेवारी

आज कळलं – तिनं सगळे पाठ रोब्लेला फोनवर वाचून दाखवले. सातवासुद्धा. "तो त्यांनी दोनदा वाचायला लावला," म्हणाली.

"मग काय म्हणाला?"

"काही नाही. म्हणाले, आता दवाखान्याची वेळ झाली."

आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त यंत्रातून काढून धुतात. बहात्तर वर्षांचा आहे. डॉक्टरांनी वर्षाचं बोलायचं सोडलं आहे, आता महिन्यांचं बोलतात. सांगायचं तर आत्ताच. नाही तर मग कुणाला सांगणार, भिंतीला?

१८ जानेवारी

फोन लावला. ठरवून, दार लावून, पाणी पिऊन.

रोब्ले आधीच सुरू झाला. "उणे तीस आहे इथे, मास्तर. उंट असते तर कुठल्या बाजूला नेले असते, सांग बघू?"

"दक्षिणेला."

"वा. शाळा कामी आली." हसला. मग खोकला, बराच वेळ. मग म्हणाला, "पोरगी नीट शिकते ना? तुझ्यावर सोपवली आहे."

मी म्हणालो, "रोब्ले, एक बोलायचं होतं."

"बोल की."

म्हणालो, "तब्येतीला जप."

थू माझ्या जिण्यावर.

१९ जानेवारी

काही नाही. वर्ग घेतला.

२१ जानेवारी

अंबारोला सांगितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. ती लहोहच्या पोळ्या भाजत होती. तवा उतरवला, हात पुसले, समोर बसली, पूर्ण ऐकलं. वाटलं रडेल, नाही तर उठून जाईल.

म्हणाली, "मला का सांगता? मेली ती माझी मुलगी होती?"

मग थोड्या वेळानं, "पस्तीस वर्षं तुम्ही त्या बाजूचं नाव निघालं की आजारी पडता. मला वाटायचं, तिकडे कुणी बाई आहे."

दोघंही हसलो. मला हसल्याची लाज वाटली. तिनं तवा परत चढवला आणि पाठ करूनच म्हणाली, "ज्याचं त्याला द्या. त्याला द्यायला नाही जमत तर त्याच्या नातीला द्या. पण छापायच्या आधी. छापलेलं खोटं पुसता येत नाही."

२४ जानेवारी

हिबाकला घेऊन बाजारात गेलो. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. बैलबाजारापाशी सुरुवात केली, "तुझ्या आत्याबद्दल..." ती लगेच म्हणाली, "मला माहीत आहे. आजोबांची चूक झाली होती. सहान पाठवला नाही. बाबा अजून त्यांना त्यावरून बोलतात. भांडण झालं की हमखास. आजोबा गप्प बसतात."

पोटचा मुलगा बोलतो. आणि तो गप्प बसतो. चव्वेचाळीस वर्षं! मला वाटत होतं, लोकं विसरली. लोकं विसरली असतील, घर कसं विसरेल?

मी म्हणालो, "पाठवला होता."

"काय?"

"सहान. पाठवला होता."

तेवढ्यात मागून ट्रकनं भोंगा वाजवला, आम्ही बाजूला झालो, आणि तिनं विचारलं, "कोण होता मग?" आणि मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो. घरी पाहुणे होते. पाहुणे गेले. मी सांगितलं नाही.

२५ जानेवारी

सकाळपासून ती माझ्याकडे बघते आणि विचारत नाही. रोब्लेचीच नात.

२६ जानेवारी

सांगितलं. अंगणात, चहा घेताना. "मी होतो. मी गेलो नव्हतो."

सगळं तिच्या भाषेच्या वर्गात सांगावं तसं सांगितलं, छोट्या वाक्यांत, म्हणजे तिला एकही शब्द अडू नये. मी निघालो. मी दोन दिवस चाललो. मी मागे फिरलो. मी खोटं बोललो.

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "बाबांना हे माहीत नाही."

"नाही."

"आजोबांना?"

"नाही. त्याला वाटतं, तळं आटलं."

मग उठली. म्हणाली, "मी त्यांना नाही सांगणार. तुम्ही सांगा. उद्या संध्याकाळपर्यंत." आणि 'धाकटे आजोबा' म्हणाली नाही.

२७ जानेवारी

तोंडानं जमणार नाही. म्हणून लिहिलं, पान भरून, आणि फोटो काढून हिबाकच्याच फोनवरून पाठवलं. ती शेजारी उभी होती. पाठवायचं बटण तिनं दाबलं नाही, मला दाबायला लावलं.

त्यानं बघितलं आहे, असं फोन सांगतो. उत्तर नाही.

२८ जानेवारी

उत्तर नाही. आज त्याचा यंत्राचा दिवस. पाठांचे कागद छापखान्यात द्यायची आज शेवटची तारीख. पिशवीत घालून दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

२९ जानेवारी

निरोप आला. आवाजातला. हिबाकनं फोन मधे ठेवला आणि आम्ही तिघांनी ऐकला.

"दिरिये, कागद मिळाला. उशीर केलास. तळावरून निघाल्यावर दुसऱ्या दिवशीच मी फडकं सोडून पाहिलं होतं. मुळांना तांबडी माती होती. बल्ली अद्देची माती पांढरी आहे, तिथे दरेमो येत नाही. मागे फिरावं तर तळावरही पाणी उरलं नव्हतं, म्हणून बोललो नाही. मुलाला आज मी फोन करतो, ते माझ्यावर सोड. तू पाठ सुधार. आणि इथे बसून सुधारू नकोस. जा. शमीसच्या उशाशी काय उगवतं ते स्वतः बघ, उपटून आण, आणि या वेळी मला दाखव."

गाडी सांगितली आहे. उद्या सकाळी निघतो. हिबाक बरोबर येते आहे.