पाच हातांचा साकव

ती. भावोजींचे सेवेशी,

गंगारामचा साष्टांग नमस्कार. दमयंतीअक्काचे गुडघे आता तिला माडीवर चढू देतात का, ते कळवावे. इकडे देवकृपेने सर्व कुशल आहेत; मी मात्र सरपंच झालो आहे.

पऱ्ह्याचे पाणी ओलांडायला साकव घालायचा आहे. तो झाला नाही तर पलीकडच्या वाडीतली मुले याही पावसाळ्यात शाळेला मुकतील. पंचायतीत आम्ही पाच, समोरचे चार. मला वाटले, झालेच काम! पण भावोजी, सात असतो तर एखादा रुसला तरी निभावले असते. पाचांत प्रत्येकालाच कळते की आपल्यावाचून अडते. (म्हणून मी चौघांच्याही घरी रोज चहा पितो, पित्त झाले आहे.) महिपतरावांना साकव त्यांच्या बागेशी हवा, दत्तात्रेयला देवळाशी. कशीबशी जागा ठरली, तर रामा म्हणाला, देवाच्या कौलाशिवाय हात वर करणार नाही. मला ते पटलेच. गुरवाने मूर्तीला कळ्या लावल्या, उजवीकडची आधी गळली, म्हणजे होकार. पण दुसऱ्या दिवशी समोरच्या आप्पांनीही जाऊन विचारले, आम्ही विरोध करावा काय? त्यांनाही उजवीच!

सभेत रामाने हात कोपरापर्यंतच उचलला.

"अरे, वर की खाली?"

"दादानू, देवान् दोघांना हो म्हटलान. मी पुरता कसा उचलू?"

आप्पा हसले. "सरपंचानू, पाची बोटां अजून मुठीत येत नाहीत काय?"

ठराव पुढच्या सोमवारवर गेला. मुंबईच्या कौन्सिलातही काठावरच्या बहुमताचे असेच होते म्हणे. तिथे कौल कोण लावतो कोण जाणे.

तरी मला आशा आहे. काल रामाने साकवासाठी आपल्या बागेतल्या दोन पोफळी तोडून दिल्या, ठराव नसतानाच. भांडा पण बांधा, असा देवाचा अर्थ असावा, असे तो आता म्हणतो.

आपला,
गंगाराम

ता. क. महिपतराव मुलीच्या स्थळासाठी चिपळूणला येऊन तुमच्याकडेच उतरणार आहेत. तुमच्या पाहुणचारातून माणूस आठवडाभर उठत नाही. कृपया त्यांना साध्या वरणभातावर ठेवून रविवारच्या मोटारीत बसवावे. पाचवा हात त्यांचाच.

आणखी ता. क. सोबत आप्पाही आहेत. (पंचायतीत वैर, सोयरिकीत मध्यस्थ.) त्यांना पुरणपोळ्या घालाव्यात, मंगळवारपर्यंत.

शेवटचा ता. क. वरची ओळ लिहून देवापुढे दिवा लावायला गेलो, तर हात जोडवेनात. दोघांनाही रविवारीच पाठवावे, पोळ्या खाऊन. आणि खरे सांगायचे तर, आप्पा समोर नसले की आमचे पाच आपापसातच दोन पक्ष करतात.