शब्द नाही, तर दार नाही

४ मार्च
आलो एकदाचे नव्या घरात! तळमजला, लांबलचक बोळ, खोल्यांना जाडजूड दारं. बोळात आवाज घुमतो म्हणून आमची लेक ठमी ओरडत नाचली. जुन्या इमारतीला आग लागली तेव्हा "आईनं बोलावलंय" म्हणणाऱ्या कुणा अनोळखी माणसामागे ही बया निघून गेली होती. संध्याकाळी सापडली. इथे असला गोंधळ होऊ द्यायचा नाही.

६ मार्च
संकटाच्या वेळचा बेत तयार. पिशवीत पाणी, बॅटरी, औषधं, ही वही. शिट्टी वाजली की ह्यांनी मेन स्विच बंद करायचा, मी गॅस. ठमीनं न्हाणीघरात पळत जाऊन आतून कडी लावायची. परवलीचा शब्द तिनंच निवडला: झुरळ. तो ऐकला की काही न विचारता दार उघडायचं. नाही ऐकला तर आई रडली तरी उघडायचं नाही. मी रोज बोळात उभी राहून, घसा खाकरून, शब्द ओरडून सराव घेते. हे म्हणतात, तू पीटीची बाई व्हायला हवी होतीस. हसा म्हणावं.

१३ मार्च
शेजारच्या शिंपीणबाईंची तक्रार: तुमच्या सरावामुळे दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही. पण दुपारी घराला कुलूप असतं. हे म्हणाले, बाईंचे कान वाजतात.

१७ मार्च
सकाळ. हे कामावर. ठमी स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी होती. बोळातून माझाच आवाज आला. आधी घसा खाकरणं, मग "ठमे, झुरळ." हुबेहूब. बोळात जे काही आहे त्याला मीच बोंबलून बोंबलून शिकवलंय. आत्ताच्या आत्ता निघतो.

नंतर
शिट्टी वाजली. कुणी वाजवली? ठमी सवयीनं न्हाणीघराकडे पळाली. स्वयंपाकघराचं दार माझ्या तोंडावर धाडकन लागलं, उघडत नाही. फोन बाहेरच्या खोलीत. खिडकीच्या गजांतून शिंपीणबाईंना जीव तोडून हाका मारल्या. त्या हसल्या, हात हलवला. सराव वाटला त्यांना. अहो, वाचलंत तर घरात कुणाच्याही हाकेला ओ देऊ नका—

ओरडले, ठमे, उघडू नकोस. ती आतून म्हणाली, "शब्द नाही, तर दार नाही." शहाणी गं माझी बाय. माझं ऐकतच नाही—

शब्द सांगितला तर लगेच उघडेल— नाही सांगितला तर मीच खरी आई हे तिला पटणार नाही—

बोळात घसा खाकरला. देवा, नको—

"आले गं आई," ठमी म्हणाली. कडी—