बाण मजकुराला बांधून ठेवायचा

अप्पा,

ऑफिसात मला एक पान लिहायला सांगितलं आहे. आम्ही यंत्रांची मॅन्युअलं तयार करतो, म्हणजे मजकूर आणि चित्रं कंप्युटरवर पानात बसवायची आणि छापायला द्यायची. दर वर्षी नवे लोक येतात आणि त्यांना चित्रावर बाण नीट काढता येत नाहीत. कोणाचा बाण भागाच्या अलीकडेच थांबतो, कोणाचा आरपार निघून जातो. तेव्हा “तुम्ही इथं सगळ्यांत जुन्या, तुम्हीच काय ते लिहून द्या,” असं मला सांगितलं. सकाळपासून शोळिंगनल्लूरच्या या सातव्या मजल्यावर बसून मी बाणांबद्दल लिहिते आहे. चार सूचना लिहून झाल्या, पाचवीपाशी हात थांबला, म्हणून दुसरी फाइल उघडून तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. ही मराठी तुम्हाला जरा परकी वाटेल. आपल्या घरची तंजावरची मराठी बोलायला आता अम्माखेरीज कोणी उरलं नाही, आणि ही लिहायची मी शेजारच्या टेबलावरच्या पुण्याच्या बाईंकडून उचलली. मी ‘कोठें’ म्हटलं की त्या हसतात, पोथी ऐकल्यासारखं वाटतं म्हणतात.

तो शब्द तुमचाच. मी आठवीत होते, विज्ञानाच्या वहीत हृदयाची आकृती काढली होती. आपण तिरुवोट्रियूरच्या घरात राहत होतो आणि तुम्ही एन्नोरच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कामावरून आलात, बनियनवर बसलात, वही समोर ओढलीत. “हा बाण कोठें टेकला?” मी म्हटलं, तिथंच, झडपेजवळ. “जवळ म्हणजे कोठें? वाचणाऱ्यानं बोट कोठें ठेवायचं?” तुम्ही दाढीचं पातं घेतलं आणि सगळे बाण एकेक करून खरवडून काढले. कागद फाटला नाही. मग रेघ आधी, टोक मागून. टोकाची लांबी रुंदीच्या तिप्पट, आत काळं भरलेलं. मी रडत होते, सकाळी वही द्यायची होती म्हणून. अम्मा म्हणाली, “पोर रडतेय, पोदुम.” तुम्ही म्हणालात, एवढा एक होऊं दे, मग पुरे. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं जुनं ड्रॉइंगचं पेन मला दिलंत. मी जोरात दाबून आठवड्याभरात त्याचं टोक वाकवलं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.

मग कारखान्यात कंप्युटर आले आणि ड्रॉइंगची टेबलं एकेक करून खाली गोदामात गेली. तुम्ही चोपन्न वर्षांचे. साहेबांनी तुम्हाला बॉयलरच्या बाजूचं सुरक्षेचं मॅन्युअल करायला दिलं, कंप्युटरवर, तीन महिन्यांत. जमलं तर राहा, नाही तर निवृत्तीच्या कागदावर सही करा. ही गोष्ट तुम्ही घरी जेवताना अशी सांगितलीत जसं काही दुसऱ्याच कोणाचं चाललं आहे. मी तेव्हा माउंट रोडच्या मागे एका डीटीपीच्या ऑफिसात होते. मालकांना विचारलं, त्यांनी रविवारची किल्ली दिली. मग बारा रविवार आपण दोघं सकाळची गाडी धरून बीच स्टेशनला उतरतो, बसनं ऑफिसात जातो, तुम्ही खांद्यावरचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकता आणि दहीभाताचा डबा खिडकीत ठेवता.

मी तुम्हाला शिकवते आहे. रेघेचं साधन घ्या, ओढताना शिफ्ट दाबून ठेवा, म्हणजे रेघ सरळ जाते नाही तर नेमकी तिरकी, हात हलला तरी बिघडत नाही. टोक कुठल्या बाजूला हवं ते पडद्यावरच्या रेघेच्या पेटीत निवडायचं. आपण टोक शेवटाला ठेवलं आहे, म्हणजे जिथं माउस सोडाल तिथं टोक येणार. आणि तुम्ही दर वेळी भागापासून सुरू करून बाजूला लिहिलेल्या नावाकडे ओढता, त्यामुळं बाण नावाच्याच अंगावर येतो. “वस्तू आधी, नांव मागून,” तुम्ही म्हणता. “तीस वर्षं असंच केलं.” मी म्हणते, अप्पा, याला तुमची तीस वर्षं माहीत नाहीत. बाण वाकवायचा असेल तर पुसून नवा काढू नका, पांढऱ्या टोकाचं साधन घेऊन रेघेवरचा एकच बिंदू उचला आणि हलवा. हे तुम्हाला आवडलं होतं. पुसायचं नाही, खरवडायचं नाही, नुसतं हलवायचं. तुम्ही एक बाण दहा वेळा वाकवून पाहिलात. एक गोष्ट मात्र तुम्हाला शेवटपर्यंत पटली नाही. रेघ बारीक ठेवली की टोकही किडकिडीत होतं आणि टोक मोठं करायला गेलं की रेघ जाड होते. “हें काय? टोक वेगळं, रेघ वेगळी,” म्हणत तुम्ही पडद्याजवळ नाक नेऊन बसायचात. आता तसं राहिलं नाही. आता टोकाचा आकार वेगळा वाढवता येतो, रेघेला हात न लावता. ते पहिल्यांदा आलं त्या दिवशी मी काम करत होते, मी ते वापरलं आणि पुढच्या पानावर गेले.

मी चांगली शिकवणारी नव्हते. सातव्या की आठव्या रविवारी तुमच्या हातून तीन पानांचे बाण पुसले गेले आणि मी ओरडले. “माउस उचलू नका म्हटलं ना! किती वेळा सांगायचं?” रिकाम्या ऑफिसात आवाज फार मोठा झाला. तुम्ही माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवलात. “रागावूं नको ग. हाताला सवय नाही.” मग डबा उघडलात आणि आधी माझ्या पुढं सरकवलात. मी जेवले. सॉरी म्हटलं नाही.

बाराव्या रविवारी मॅन्युअल पुरं झालं. चाळीस पानं, वर इंग्रजी, खाली तमिळ, मध्ये आकृत्या आणि तुमचे बाण. तुम्ही एक प्रिंट काढून घरी नेलंत आणि आठवडाभर पट्टी लावून तपासलंत. सगळं बरोबर होतं. पक्की प्रत मी शनिवारी दुपारी ऑफिसातून काढून आणायची, एवढंच राहिलं होतं. शनिवारी फाइल उघडली तेव्हा मला तमिळ अक्षर बारीक वाटलं. कारखान्यातली माणसं अंधाऱ्या जागी उभी राहून वाचणार, असा विचार केला आणि अक्षर एका पॉइंटानं मोठं केलं. चांगल्यासाठीच केलं. अक्षर वाढल्यावर मजकूर खाली सरकला. आकृत्या मजकुरात बसवलेल्या होत्या, त्या मजकुराबरोबर खाली गेल्या. बाण पानावर मोकळे ठेवलेले होते, ते होते तिथंच राहिले. बाण मजकुराला बांधून ठेवता येतो, तेव्हाही येत होता. ते किचकट होतं आणि मला लवकर संपवायचं होतं, म्हणून तुम्हाला शिकवलंच नव्हतं. मी पहिली दोन पानं पाहिली. तिथं मजकूर थोडा होता, काही हललं नव्हतं. बाकीची न पाहता छापली.

सोमवारी तुम्ही ती प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवलीत. संध्याकाळी घरी आलात तेव्हा अम्मा स्वयंपाकघरात डांगर कालवत होती आणि मी ताटं मांडत होते. तुम्ही चपला काढल्या, पाय धुतले, गठ्ठा ओट्यावर ठेवलात. अम्मानं विचारलं, काय म्हणाले? तुम्ही म्हणालात, बाण चुकले. वाफेचा जो वॉल्व्ह बंद करायचा त्याच्यावर बाण नाही, वरच्या वॉल्व्हवर आहे. साहेबांनी चार लोकांपुढं ते पान वर धरलं आणि म्हणाले, हे वाचून कोणी तो वॉल्व्ह फिरवला असता तर तोंड भाजलं असतं. “मग तुम्ही काय सांगितलंत?” अम्मानं विचारलं. “चुकलं माझं, म्हटलं.” मी गठ्ठ्यातलं मधलं पान उचललं. बघताक्षणी कळलं. सगळे बाण अर्ध्या इंचानं वर, एका रांगेत, हवेत थांबलेले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. “हे आपोआप हलतात काय ग?”

मी म्हटलं, “कधी कधी होतं असं, अप्पा.”

तुम्ही म्हणालात, “सरि. बरं.” मग जेवायला बसलात. दुसऱ्यांदा भात घेतलात.

त्याच आठवड्यात तुम्ही सही केलीत. दुसरी प्रत काढून देतो म्हणायची संधी होती की नाही, मला ठाऊक नाही, तुम्ही मागितली नाहीत. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही घरी होता. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी समुद्राच्या बाजूला चालायला. गल्लीतली मुलं विज्ञानाच्या वह्या घेऊन यायची आणि तुम्ही त्यांना आकृत्या काढून द्यायचात. पातं मात्र वापरत नव्हता, चुकलं तर चुकलं म्हणून सोडून द्यायचात. मग एका सकाळी चहाचा पेला हातात असतानाच गेलात. मी ऑफिसात निघाले होते, केस विंचरत होते. शेजारच्यांना बोलावलं, डॉक्टर आले, अम्माच्या बहिणीला फोन केला. काय काय करायचं ते सगळं मी केलं. लोक म्हणाले, मुलगी खंबीर आहे.

तेराव्यानंतर अम्मानं तुमच्या ट्रंकेतले कागद माझ्यापुढं ठेवले. त्यात मॅन्युअलच्या दोन्ही प्रती होत्या, तुम्ही आधी घरी नेलेली आणि मी शनिवारी काढलेली. एकेक पान एकमेकांवर ठेवून टाचणी लावली होती. तिसऱ्या पानाच्या कडेला पेन्सिलनं दोन आकडे लिहिले होते, दहा आणि अकरा. अक्षराचं माप. दोहोंच्या मध्ये हातानं काढलेला बाण, टोक काळं भरलेलं. तारीख त्याच सोमवारची होती. म्हणजे त्या दिवशी जेवण झाल्यावर तुम्ही बसून मोजलंत, आणि मोजल्यावर तुम्हाला कळलं. त्यानंतर तीन वर्षं आपण एका घरात राहिलो आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मी टाचणी होती तशी परत लावली. काही झालं नाही मला. अम्मानं विचारलं, कामाचं आहे काय? मी म्हटलं, नाही, जुने कागद आहेत.

आता आम्ही वेलचेरीला राहतो. ट्रंक खालच्या मजल्यावर होती, पुराच्या पाण्यात गेली. कागदांचा लगदा झाला, तो मीच भरून फेकून दिला. अम्मा आहे, तिला कमी ऐकू येतं. माझं बरं चाललं आहे. माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत आणि माझ्या मॅन्युअलांत बाण चुकत नाहीत, हे कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. एवढं पक्कं कसं जमतं असं विचारतात, तेव्हा मी म्हणते, वडील ड्राफ्ट्समन होते.

पाचवी सूचना आत्ता लिहून टाकली. बाण, आकृती आणि नाव यांचा एक गट करा आणि तो गट मजकुराला बांधून ठेवा, म्हणजे मजकूर हलला की बाणही हलेल. अक्षराचं माप बदललं तर प्रत्येक पान पुन्हा पाहा. कारण लिहिलं नाही. सूचनांच्या पानावर कारण लिहायला जागा नसते. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून त्यात लिहिता येतं, तरी पुरतं लिहून झालं आहे असं वाटत नाही. एक राहिलं आहे. तुम्ही सही केलीत त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसात जायचं नव्हतं. तुम्ही ओसरीत बसला होता. मी दुपारी जेवून आत जाऊन आडवी झाले, आणि शिकवायला जायचं नाही, याचं मला बरं वाटलं. झोप छान लागली.